झाड क्रमांक एक

चंदनाचा रखवालदार चंदन खात होता.

मी जाळीच्या बाहेर उभा होतो, हातात वही, कानावर पेन्सिल. भांगरे मामा जाळीच्या आत उकिडवे बसले होते. त्यांनी हात वर करून फांदीचं एक पान खुडलं, खाकी बाहीला पुसलं, त्याची चौघडी केली आणि उजव्या दाढेखाली ठेवून डोळे मिटून चावायला लागले.

"मामा," मी म्हणालो.

मामा इतक्या घाईनं उठले, की जाळीची आडवी पट्टी कपाळाला लागली.

"दाढ," ते म्हणाले. गाल खरंच सुजला होता.

"दाढ दुखतेय म्हणून चंदन खाता?"

"एकच पान खाल्लं, सर."

"ही समोर पाटी आहे. 'पाने, फुले तोडू नयेत.' तुम्हीच पेंटरकडून रंगवून आणलीत."

"ती बाहेरच्यांसाठी, सर," मामा म्हणाले. "मी आत हाय."

मामा जाळीला कुलूप लावून नळावर चूळ भरायला गेले, आणि मी उगाचच त्या खुडलेल्या जागेकडे बघत राहिलो. देठ तुटला होता तिथं एक पांढरा थेंब आला होता. मोठा होत होत तो खालच्या पानावर पडला. दुधासारखा.

चंदनाला चीक नसतो. हे मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं, कारण ते अभ्यासक्रमात नव्हतं. पण मला माहीत होतं.

त्या वर्षी मी बोरवंडच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. बोरवंड हे गावाचं खरं नाव नाही. ते का बदललं, हे शेवटपर्यंत वाचणाऱ्याच्या लक्षात येईल. मी तासिका तत्त्वावर होतो. तासिका तत्त्व म्हणजे वर्गाच्या उंबऱ्याच्या आत माणूस प्राध्यापक असतो आणि बाहेर पाऊल टाकलं की नुसता माणूस असतो, तोही बोरवंडमध्ये. विभागप्रमुख दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. त्यांची जागा भरली नव्हती. त्यामुळे वनस्पतिशास्त्र विभागात मी आणि एक सूक्ष्मदर्शक असे दोघेच होतो. त्यातला सूक्ष्मदर्शक कायम होता.

मार्चमध्ये मूल्यांकन समिती येणार होती. समिती येणार म्हटल्यावर कॉलेजात ज्या गोष्टी नव्हत्या त्या आणल्या गेल्या, ज्या होत्या त्या रंगवल्या गेल्या आणि ज्या रंगवता येत नव्हत्या त्यांची यादी करायची असं ठरलं. झाडं तिसऱ्या प्रकारात मोडत होती. आवारातल्या एकशे तेरा झाडांना नंबर घालायचे, प्रत्येकाचं मराठी आणि शास्त्रीय नाव लिहायचं, पत्र्याच्या पाट्या करून घ्यायच्या आणि 'वृक्षसूची'च्या शेवटी सही करायची. हे काम माझ्याकडे आलं.

"दोनपासून सुरू करा," प्राचार्य काळोखे सर म्हणाले होते. "एक नंबरला काही करायचं नाही. एक नंबर लिहिलेलाच आहे."

एक नंबर म्हणजे वाचनालयासमोरचं चंदन. तीन वर्षांपूर्वी एक मंत्री वाचनालयाचं उद्घाटन करायला आले असताना त्यांच्या हातून ते लावलं होतं. वड-पिंपळ कुणीही लावतं, आपण मंत्र्यांच्या तोलामोलाचं काहीतरी लावू, ही कल्पना काळोखे सरांची. मग शहरात कुठंकुठं चंदनाची झाडं चोरीला गेल्याच्या बातम्या यायला लागल्या, म्हणून लोखंडी जाळी आली, जाळीला कुलूप आलं, आणि बागकामावर रोजंदारीला असलेले सावळेराम भांगरे त्या झाडाचे रखवालदार झाले. पाटीवर मंत्र्यांचं नाव वर, मोठ्या अक्षरात होतं. चंदनाचं खाली होतं.

मामांच्या नेमणुकीचं पत्र मी वाचलं होतं. कुंपणाला लागून संस्थेची पत्र्याची खोली होती, तिथं मामा आणि मामी राहायचे. ते पत्र तिथं देवांच्या तसबिरींशेजारी काचेत लावलेलं होतं. "वाचनालयासमोरील चंदन वृक्षाच्या राखणीकरिता, सदर वृक्ष अस्तित्वात असेपर्यंत, निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात." मामा रोज देवांना उदबत्ती ओवाळायचे, तेव्हा त्यालाही धूर मिळायचा.

आता समितीनं चंदनाची नोंद घेतली, की मामांची फाइल अध्यक्षांपुढे ठेवायची आणि त्यांना कायम करायचं, असं काळोखे सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मामांचं गावाकडचं घर मागच्या पावसाळ्यात बसलं होतं. त्या पत्र्याच्या खोलीखेरीज त्यांना दुसरी जागा नव्हती.

अशा परिस्थितीत देठातून दूध आलं.

मी तीन पानं घेतली. जाळीतून हात घालून, मामा चूळ भरत होते तेवढ्यात. चोरी म्हणावी तर ती मी कॉलेजच्या कामासाठी केली. विभागात येऊन ती टेबलावर मांडली आणि पहिल्यांदाच त्या झाडाकडे बघितलं. तीन वर्षं सगळं कॉलेज पाटी वाचत होतं, वर्षभर मीही. लांबून बघितलं तर चूक समजण्यासारखी होती. दोन-दोन पानं समोरासमोर, कडा सपाट, आकार साधारण तोच. पण हे पान चंदनापेक्षा लांब होतं आणि त्याचं टोक उंदराच्या शेपटीसारखं बारीक ओढलेलं होतं. आणि चीक.

चीक असलेली झाडं मी मोजायला लागलो. रुई नाही, रुईचं पान जाड आणि लवदार असतं. सप्तपर्णी नाही, तिची पानं गोल चक्रात येतात. तगर? तगरीचं झुडूप होतं, ते असं एका खोडानं सरळ वर जात नाही. शेवटी दोन नावं उरली. पांढरा कुडा आणि काळा कुडा. कोवळ्या वयात ही दोन झाडं एकमेकांसारखी दिसतात. शेंग आली की शंका मिटते, पण समितीची वेळ शेंगेवर अवलंबून नव्हती.

काळ्या कुड्याचं पान वाळताना निळसर काळं पडतं. एवढंच मला आठवत होतं. मी पानं जुन्या वर्तमानपत्रात ठेवली आणि त्यांच्यावर प्रथम वर्षाच्या सत्र परीक्षेचे पेपर ठेवले. वजन म्हणून ते पेपर उत्तम होते. दुसरा उपयोग मला वर्षभरात सापडला नव्हता.

ती पानं वाळत असताना मी काळोखे सरांकडे गेलो.

"सर, एक नंबरचं पान बघितलं."

"पान कशाला बघायचं?" सर फायलीतून वर न बघता म्हणाले. "पाटी आहे ना?"

"पाटीत आणि पानात थोडा फरक वाटतो."

आता सरांनी वर बघितलं. त्यांचा विषय राज्यशास्त्र होता. "परांडकर, ते झाड कुणाच्या हातचं आहे?"

"मंत्र्यांच्या."

"मंत्री चुकीचं झाड लावतील?"

"लावताना ते कॅमेऱ्याकडे बघत होते सर. फोटोत दिसतं."

सरांनी फाइल बंद केली. "तुमच्या तासिकांचं पुढच्या वर्षीचं पत्र माझ्या टेबलावर आहे," ते म्हणाले. एवढंच म्हणाले. मग चहा मागवला, त्यातला अर्धा मला दिला.

तिसऱ्या दिवशी मी पेपर उचलले. वर्तमानपत्र उघडलं. तिन्ही पानं शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखी झाली होती, निळसर काळी. मला एकदम इतका आनंद झाला, की तो कुणाला तरी सांगावा म्हणून मी सूक्ष्मदर्शकाकडे बघितलं. वर्षभरात मी बोरवंडमध्ये स्वतःहून शोधलेली ती पहिली गोष्ट होती. मग आनंद ओसरला आणि पत्र्याची खोली आठवली.

मी मामांकडे गेलो. ते जाळीबाहेर खुर्चीवर बसले होते. सूज उतरली होती.

"बरी आहे का दाढ?"

"येकदम."

"तुमच्या गावाकडं दाढ दुखली की काय चावतात हो?"

"काळा कुडा," मामा म्हणाले.

आणि थांबले. जाळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग उठून त्यांनी खुर्चीवरचा रुमाल उचलला.

"बसा, सर."

मी बसलो. मामा शेजारी जमिनीवर बसले, पाठ जाळीला टेकून.

"कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"लावलं त्या दिवसापासनं."

"लावलं त्या दिवसापासून?"

"माझा बाप वनखात्याच्या रोपवाटिकेत पिशव्या भरायला व्हता, सर. माझं बालपण पिशव्यांतच गेलं. चंदनाला येकट्याला जगता येत नाय. त्ये शेजाऱ्याच्या मुळातनं पितं. म्हणून पिशवीत चंदनाजवळ दुसरं रोप देत्यात, सोबती म्हणून. कुणी तूर देतं, कुणी काय. ह्या पिशवीत कुडा व्हता. मंत्री सायबांनी दोन्ही लावली. त्यांना काय ठावं?"

"मग चंदन कुठं गेलं?"

"दुसऱ्या दिवशी प्राचार्य सर आले. येका खड्ड्यात दोन रोपं बघितली. म्हणले, भांगरे, हे तण काढा. म्या इचारलं, कोणतं? म्हणले, बारकं. म्या म्हणलं, सर, बारकं तेच तर..." मामांनी हात हलवला. "त्ये म्हणले, भांगरे, मंत्र्यांच्या हातचं झाड बारकं असंल का?"

मी हसलो. मामा हसले नाहीत.

"मग?"

"मंग काय. काढा म्हणले, काढलं."

"आणि तीन वर्षं गप्प बसलात."

"आठ दिवसांनी हातात ऑर्डर आली, सर. सदर वृक्ष असंस्तोवर. सदर वृक्ष कोण, हे म्या कशाला सांगू? मला कुणी इचारलं नाय. तुम्हीच पयले."

समोरून दोन मुलं सायकल ढकलत गेली. मामांनी सवयीनं त्यांच्याकडे करड्या नजरेनं बघितलं. मुलं चंदनापासून चार हात लांबून गेली.

"सूचीच्या खाली माझी सही आहे, मामा."

"व्हय. तुमची सही, तुम्ही बघा." ते उठले, पॅन्टची धूळ झटकली. "फक्त चार दिवस आधी सांगा. सामान हलवायला गाडी बघावी लागंल."

ते असं म्हणाले नसते, चिडले असते, हातापाया पडले असते, तर मला काहीतरी ठरवता आलं असतं.

पुढचे दहा दिवस मी एकशे बारा झाडांची नावं शाईनं लिहिली. एक नंबरपुढं पेन्सिलीनं 'चंदन' लिहिलं आणि खोडलं. 'काळा कुडा' लिहिलं आणि खोडलं. समिती आली त्या सकाळपर्यंत त्या जागी कागद इतका पातळ झाला होता, की त्यातून मागच्या पानावरचा गुलमोहर दिसत होता.

समितीत तिघे होते. दोघे काळोखे सरांच्या खोलीत बसून फायली बघणार होते. तिसऱ्या डॉ. इंदुमती शिरहट्टी, कोल्हापूरकडच्या, वनस्पतिशास्त्राच्या. साठीच्या आसपासच्या, सुती साडीवर कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोरीला भिंग. त्या बसल्या नाहीत. "मी झाडं बघते," म्हणाल्या.

"मग एक नंबरपासून," काळोखे सर म्हणाले, आणि स्वतः पुढं निघाले.

मामा नव्या गणवेशात जाळीजवळ उभे होते. त्यांनी सलाम केला, कुलूप काढलं. बाई वाकून आत गेल्या. पाटीकडे त्यांनी बघितलं नाही. एक पान दोन बोटांत धरलं, उलटं केलं, त्या शेपटीसारख्या टोकावरून अंगठा फिरवला. मग खुडलं. पांढरा थेंब आला. त्यांनी तो पदराला न पुसता रुमालाला पुसला आणि म्हणाल्या, "वा."

"मंत्रिमहोदयांच्या शुभहस्ते," काळोखे सर म्हणाले.

"हो, तसं लिहिलेलं दिसतंय. ही सूची कुणी केली?"

"आमचे परांडकर सर. अत्यंत अभ्यासू."

एवढ्यात शिपाई धावत आला. आत दुसऱ्या दोघांना कुठलीतरी फाइल सापडत नव्हती. ती कधी नव्हतीच, हे सरांना माहीत होतं, त्यामुळे ते घाईनं गेले. जाळीपाशी आम्ही तिघं उरलो.

बाईंनी वृक्षसूची उघडली आणि पहिल्या ओळीवरचा पातळ कागद उन्हात धरून बघितला.

"तुमचं मत काय, परांडकर?"

"मॅडम, मी तासिका तत्त्वावर आहे."

"ते पद झालं. मी मत विचारलं."

मी मामांकडे बघितलं. मामा अटेन्शनमध्ये समोर वाचनालयाच्या भिंतीकडे बघत होते. आता आठवतं तेव्हा वाटतं, त्या क्षणी मी काहीही ठरवलं नव्हतं. विचारणारी बाई झाडाबद्दल विचारत होती, आणि वर्षभरात मला झाडाबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

"काळा कुडा," मी म्हणालो.

"काळाच कशावरून?"

"वाळवून बघितलं. पान काळं पडलं."

"शाब्बास," बाई म्हणाल्या. शाळेतल्या मुलाला म्हणतात तशा. "वाळवून बघितलंत, आणि तरी इथं पेन्सिल?"

बाईंनी जाळी बघितली, कुलूप बघितलं, खुर्ची बघितली, मामांचा गणवेश बघितला. त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

"कुडा चंदनाच्या जोडीला देतात," त्या मामांना म्हणाल्या. "म्हणजे इथं चंदन होतं. ते कुठं गेलं?"

मामा वाचनालयाच्या भिंतीकडेच बघत होते. मी मनात गाडी ठरवून सामान भरायला सुरुवात केली होती. शेवटी मामा म्हणाले, "मॅडम, पाणी घेणार का?"

बाई काही बोलणार होत्या, पण त्यांनी मामांचा चेहरा बघितला. "लांब आहे?"

"कुंपणाला."

आम्ही मैदान ओलांडून गेलो. पत्र्याच्या खोलीपुढं ठकूबाई मामी भांडी घासत होत्या. आम्हाला बघून त्या उठल्या आणि राखेच्या हातानंच खोलीच्या बाजूच्या बोळाच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. तिथून मागं जायला तेवढीच वाट होती.

"कोन हाय?" त्यांनी मामांना विचारलं.

"आपल्याच हायत. सरक."

"आन् हे मास्तर?"

"त्येबी."

मामी माझ्याकडे बघत होत्या. मग बाजूला झाल्या, पण अर्ध्याच.

खोलीच्या मागं घाणेरीची दाट जाळी होती. बाहेरून बघणाऱ्याला नुसतं रान दिसावं अशी. तिच्या आत एक करंज होता, आणि करंजाच्या आडोशाला माझ्यापेक्षा हातभर उंच एक सडसडीत झाड. पानं दोन-दोन, समोरासमोर, खालच्या अंगानं फिकट, जराशी लवलेली. आणि त्यांच्या बेचक्यांत मसुराच्या दाण्याएवढी तपकिरी-लाल फुलं, इतकी बारीक की दाखवली नसती तर दिसली नसती.

बाईंनी भिंग काढलं, पण डोळ्याला लावलं नाही. हात पुढं केला आणि मामींना विचारलं, "एक पान घेऊ?"

"येकच," मामी म्हणाल्या.

बाईंनी पान खुडलं. आम्ही चौघंही त्या देठाकडे बघत राहिलो. काही आलं नाही. कोरडा, हिरवा देठ.

"मुळाला माती राखून काढलं व्हतं," मामा म्हणाले. "आधी हिनं जोडीला तूर लावली. तूर वाळली तवर त्यानं करंज धरला."

"करंजाचं काय?"

"करंजाला काय फरक नाय पडत, मॅडम. त्याचं बरंच हाय."

"आणि तुम्ही दिवसभर तिकडं कुड्यापाशी बसता."

"चोर पाटी वाचून येत्यात," मामा म्हणाले.

बाई हसल्या. मग गंभीर झाल्या. "हे तिथं हलवलं तर?"

"मरंल."

"हो, मरेल," बाई म्हणाल्या. "आणि हलवतीलच."

मामींनी तांब्या दिला. बाई उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायल्या, त्यांनी तांब्या परत दिला आणि वृक्षसूची करंजाच्या खोडावर टेकवून उघडली. पहिल्या ओळीवर, त्या पातळ झालेल्या जागी, कागद फाटू नये म्हणून अगदी हलक्या हातानं त्यांनी शाईनं लिहिलं: "चंदन. प्रत्यक्ष पाहिले. राखण उत्तम." खाली सही केली आणि तारीख घातली.

"कुडा शेवटी घाला, एकशे चौदा," त्या मला म्हणाल्या. "काळा. नीट लिहा. जागेचा रकाना आहे का?"

"आहे."

"तो छापण्यात राहून गेला, असं समजू."

परत जाताना वाटेत त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही, मॅडम. मला वाटलं उपटून टाकलं."

"मग तुम्ही नक्की कशासाठी पेन्सिल वापरत होता?"

मी खोलीकडे मागं वळून बघितलं. मामी पुन्हा भांडी घासायला बसल्या होत्या, बोळाच्या अगदी तोंडाशी. बाईंनी माझ्या उत्तराची वाट बघितली नाही. त्या दोन नंबरकडे निघाल्या होत्या.

शेऱ्याची काळोखे सरांनी फ्रेम केली. 'राखण उत्तम' या दोन शब्दांखाली लाल रेघ मारून त्यांनी फाइल अध्यक्षांपुढे ठेवली, आणि जूनमध्ये भांगरे मामा कायम झाले. नव्या पत्रात नुसतं 'रखवालदार' असं होतं. झाडाचा उल्लेख नव्हता. माझ्या तासिका पुढच्या वर्षी निघाल्या नाहीत, कारण वनस्पतिशास्त्राला मुलंच आली नाहीत. सूक्ष्मदर्शक तिथंच राहिला.

मी शहरात आलो, दुसऱ्या कामाला लागलो. नऊ वर्षं गेली. एका सकाळी फोन आला.

"सर, भांगरे बोलतोय. बोरवंडचा."

"बोला, मामा."

"चंदन गेलं, सर."

घाणेरीची जाळी, ती मसुराएवढी फुलं, बोळाच्या तोंडाशी राखेचे हात. "कधी?" मी विचारलं. मग काहीतरी सुचलं. "मामा, कुठलं?"

पलीकडून हसू आलं.

"पाटीवरचं," मामा म्हणाले.

महिन्याभरानं एका रविवारी मी गेलो. जाळीचे दोन गज कापलेले होते, आत वीतभर बुंधा उरला होता. पाटी चोरांनी नेली नव्हती. काळोखे सर निवृत्त होऊन संस्थेचे सल्लागार झाले होते. त्यांनी पोलिसांना बाईंच्या शेऱ्याची साक्षांकित प्रत दिली होती. त्यामुळे पंचनाम्यात शंकेला जागा नव्हती. मामा सांगत होते, हवालदारानं बुंध्याला नाक लावून वास घेतला, थोडा विचार केला आणि 'चंदन' असं लिहिलं.

"आणि दुसरं?" मी हळूच विचारलं.

"करंजाच्या वर गेलंय." मामांनी विषय बदलला. "तुमचा गाल का सुजलाय?"

"दाढ. तीन दिवस झाले. गोळ्या चालू आहेत."

मामा खाली वाकले. बुंध्याच्या कडेनं नवे फुटवे आले होते, लालसर कोवळे, दोन-दोन पानं समोरासमोर. त्यांनी एक खुडलं. पांढरा थेंब आला.

"मामा," मी म्हणालो, "समोर पाटी आहे."

"ती बाहेरच्यांसाठी, सर," मामा म्हणाले, आणि जाळीचं दार माझ्यासाठी उघडून धरलं. "तुम्ही आत या."